पंधराव्या मजल्यावरचे आउटडोअर: बाहेर कोण उतरणार, हा नंतरचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर पंधराव्या मजल्यावर, तीन स्प्लिट एसी. दोन आउटडोअर खिडकीखाली लोखंडी ब्रॅकेटवर आणि तिसरे खिडकीपासून लांब, सपाट भिंतीवर. एक मेकॅनिक म्हणतो, कमरेला दोर बांधून खिडकीतून उतरतो, अर्ध्या तासाचे काम आहे. दुसरा म्हणतो, गच्चीवरून झुला (तारांवर सोडलेला पाळणा) किंवा दोरावरची माणसे लावल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि त्याचा खर्च सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट. शिवाय वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग खरेच लागते का, खिडकीतून प्रेशर गनने धुतले तर चालेल का, आणि लांबच्या युनिटमधून मधूनमधून येणाऱ्या खडखडाटाचे काय करायचे, हेही तुम्ही विचारले आहे.

मी एसी दुरुस्तीतूनच या कामात आलो आणि पुढची बरीच वर्षे उंच इमारतींच्या बाहेरच्या अंगाला, दोरावर लटकून, अशाच युनिटांवर काम करण्यात गेली. त्यामुळे दोन्ही मेकॅनिकांच्या बोलण्यामागे काय असते ते मला ठाऊक आहे.

बाहेर कोणी आणि कसे उतरायचे, असे तुम्ही विचारता आहात. मला मूळ अडचण त्याच्या आधीची दिसते. जिथे माणसाला पाय टेकायला जागा नाही अशा जागी यंत्र बसवले गेले आहे. बहुतेक वेळा असे होते की, बसवताना इमारतीला परांची बांधलेली असते. बसवणाऱ्याला ती जागा सोयीची वाटते. परांची उतरते आणि पुढची सगळी वर्षे ती अडचण राहणाऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणून माझे उत्तर असे की बाहेर उतरण्याची गरजच कमीत कमी पडेल अशी व्यवस्था आधी लावा, उतरावेच लागले तर सगळी कामे एकाच फेरीत उरका, आणि युनिट हलवायची संधी आली की ती सोडू नका.

पण आधी कमरेच्या दोराबद्दल बोलतो, कारण त्यात माणूस जातो.

त्या दोराचे दुसरे टोक कुठे बांधले जाते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. खिडकीची ग्रील, पलंगाचा पाय, दाराची कडी किंवा दुसऱ्या माणसाचा हात. ग्रील अनेकदा प्लास्टरमध्ये गेलेल्या स्क्रूंवर उभी असते. माणूस एक-दीड मीटर जरी पडला तरी न ताणल्या जाणाऱ्या दोरावर बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. पडणे अडवण्यासाठी बनवलेल्या साधनांत झटका शोषणारी पट्टी असते, आणि युरोपीय मानकानुसार ती हा भार ६ किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण ६०० किलोंच्या आत ठेवते. तोही पूर्ण अंगाच्या हार्नेसमधून, म्हणजे अंगावर चढवायच्या पट्ट्यांच्या साजातून, मांड्या, कंबर आणि खांद्यांत वाटला जातो. कमरेच्या दोरात शोषणारे काही नाही आणि वाटले जाणेही नाही. सगळा झटका पोट आणि मणक्यावर येतो. त्यातून वाचला तरी तो माणूस तुमच्या खिडकीच्या खाली लटकलेला असतो आणि त्याला कठड्यावरून आत ओढून घेणे घरातल्या चारजणांनाही जमत नाही. हार्नेसमध्येसुद्धा निपचित लटकून राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. कमरेच्या दोरात तर श्वासच कोंडतो.

‘मी छज्जावर उभा राहीन’ हे दुसरे नेहमीचे वाक्य. छज्जा ऊन-पाऊस अडवायला असतो. माणूस, त्याची हत्यारे आणि ३०-३५ किलोंचे युनिट एका कडेवर पेलायला तो बांधलेला असेलच असे नाही, आणि जुन्या छज्जात आतली सळई गंजून फुगली असेल तर ते वरून दिसत नाही.

मेकॅनिक तयार आहे यावर जाऊ नका. तो तयार असतो कारण त्याने नाही म्हटले तर काम दुसऱ्याला जाते. इथे ‘नको’ म्हणण्याची ताकद त्याच्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे, म्हणून ते तुम्ही म्हणा.

आता कोणत्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते सांगतो. मी तुमची भिंत पाहिलेली नाही. समुद्र जवळ असेल तर खारट हवेने फिन्स (गॅसच्या नळ्यांच्या वेटोळ्यावरच्या, म्हणजे कॉइलवरच्या, धातूच्या पातळ पट्ट्या) आणि ब्रॅकेट दोन्ही लवकर खाल्ले जातात. शेजारी बांधकाम किंवा वाहता रस्ता असेल तर कॉइल एका मोसमात बुजते, नाहीतर तीच कॉइल दोन-तीन वर्षे बरी चालते. एसी दिवसाला दोन तास चालतो की अठरा, युनिट मोकळ्या भिंतीवर आहे की जाळीदार पडद्यामागे, कबुतरांना तिथे बसायला जागा आहे का, गच्चीवर दोर बांधायला तपासलेले अँकर आहेत का, आणि उंचीवरच्या कामाचे तुमच्याकडचे नियम काय म्हणतात, या सगळ्यावर उत्तर बदलते. म्हणून ‘वर्षातून दोनदा’ हा आकडा मी डोळे मिटून कोणालाच देत नाही. इनडोअरचे फिल्टर घरच्या घरी दोन-चार आठवड्यांनी धुवायचे, इनडोअरची कॉइल आणि पाण्याची ट्रे मेकॅनिककडून वर्षातून एकदा साफ करून घ्यायची. आउटडोअरकडे मात्र गरज दिसली की जायचे.

ती गरज घरात बसून कशी ओळखायची, यावर जरा सविस्तर लिहितो. कारण बाहेर जाण्याच्या निम्म्याहून अधिक फेऱ्या इथेच वाचतात.

फिल्टर स्वच्छ करून, दुपारच्या उन्हात, एसी सर्वांत कमी तापमानावर आणि पंखा वेगात ठेवून पंधरा-वीस मिनिटे चालवा. मग इनडोअरमध्ये वरून आत जाणारी हवा आणि खालून बाहेर पडणारी हवा, दोन्हींचे तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंश असेल तर यंत्र आपले काम करते आहे. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो, त्याने घाबरू नका. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून आतल्या आयसोलेटरपाशी, म्हणजे एसीची वीज तोडायच्या स्विचपाशी, क्लॅम्प मीटर लावून एसी किती अँपिअर घेतो ते पाहून घ्या आणि तारीख, बाहेरचे तापमान, अँपिअर असे वहीत लिहून ठेवा. एसी नवा किंवा नुकताच साफ केलेला असतानाची ही नोंद सोन्यासारखी असते, कारण पुढची प्रत्येक तक्रार तिच्याशी ताडून पाहता येते.

ती ताडायची अशी. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत थंडावा कमी आणि अँपिअर नेहमीपेक्षा जास्त, तर बाहेर उष्णता निघत नाही. आउटडोअरची कॉइल बुजलेली आहे किंवा तिचा पंखा नीट फिरत नाही. थंडावा कमी आणि अँपिअरही कमी, शिवाय इनडोअरच्या कॉइलच्या एका टोकाला बर्फ धरतो, तर गॅस कमी झाल्याची शक्यता आहे. पण बर्फ इनडोअरची कॉइल घाण असली तरी धरतो, म्हणून आधी ती साफ करा आणि पुन्हा पाहा. भर दुपारी दहा-पंधरा मिनिटे चालून कॉम्प्रेसर बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो आणि संध्याकाळी मात्र काही तक्रार नसते, तर तेही उष्णता न निघण्याचेच लक्षण. कॉम्प्रेसर गरम होऊन त्याचे ओव्हरलोड संरक्षण त्याला थांबवत असते. सुरू होताना क्षणभर अँपिअर उसळतात, गुंऽऽ असा आवाज येतो आणि मग सगळे शांत होते, तर कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा कॅपॅसिटर बहुधा गेला. इन्व्हर्टर एसीत हे निकष इतके स्वच्छ लागू होत नाहीत. तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि अँपिअर वाढूच देत नाही. तिथे इनडोअरवर किंवा रिमोटवर येणारा एरर कोड आणि तापमानातला फरक यांवर भर द्या.

एवढे केल्यावर मेकॅनिक बाहेर जाईल तेव्हा बरोबर काय न्यायचे हे त्याला माहीत असते. नाहीतर होते असे की, एकदा बाहेर जाऊन कॅपॅसिटर गेल्याचे कळते आणि तो आणायला खाली जावे लागते. तळमजल्याच्या युनिटला हे चालते. पंधराव्या मजल्यावर तो एका अख्ख्या दिवसाचा खर्च आणि आणखी एका उतरण्याचा धोका असतो.

दरवर्षी गॅस भरायचा असतो असे कोणी सांगितले तर ऐकू नका. गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. उलट प्रत्येक वेळी गॅसचा दाब मोजणारे गेज जोडताना-काढताना थोडा गॅस सुटतोच, म्हणून मी कारण असल्याशिवाय गेज लावतच नाही.

आता बाहेर जाण्याकडे वळू. पर्याय मोजकेच आहेत. बूम लिफ्ट म्हणजे ट्रकवरचा किंवा चाकांवरचा उंच हात. ती साधारण दहाव्या-बाराव्या मजल्यापर्यंतच्या इमारतींना सोयीची, तेही खाली कठीण आणि सपाट जमीन असेल तर. पंधराव्या मजल्याला पोहोचणाऱ्या लिफ्ट असतात, पण त्यांना लागणारी जागा आणि त्यांच्या पायांखाली येणारा भार सगळ्या आवारांना पेलत नाही. जमिनीखाली वाहनतळ असेल तर त्याचा स्लॅब तपासल्याशिवाय तिथे ती उभीच करू नये. झुला, म्हणजे गच्चीवरून तारांवर सोडलेला पाळणा, एकाखाली एक अनेक युनिटे असतील किंवा युनिट काढून बसवायचे असेल तर उत्तम. दोघांना उभे राहून दोन्ही हातांनी काम करता येते. एक-दोन युनिटांची सफाई आणि तपासणी असेल तर प्रशिक्षित माणसांनी दोरावर केलेले काम सर्वांत आटोपशीर पडते.

दोरावरचे काम या नावाखाली काय काय खपवले जाते ते मी पाहिले आहे, म्हणून काय पाहायचे ते सांगतो. प्रत्येक माणसाला दोन दोर हवेत. एकावर तो काम करतो, दुसरा फक्त पहिला तुटला तर. दोन्ही वेगवेगळ्या अँकरला बांधलेले हवेत. दोन दोर एकाच पाइपाला बांधले तर तो पाइप निखळल्यावर दोन्ही जातात, मग दुसऱ्याचा उपयोग काय? पाण्याच्या टाकीचा पाइप, अँटेनाचा खांब किंवा कठड्याची रेलिंग हे अँकर नव्हेत. दोर कठड्याच्या धारेवरून, अॅल्युमिनियमच्या पट्टीवरून किंवा काचेच्या कडेवरून जातो तिथे जाड संरक्षण हवे, कारण ताणलेला दोर धारेवर घासला की काही क्षणांत कापला जातो. अंगावर पूर्ण हार्नेस, डोक्याला हनुवटीच्या पट्ट्याचे हेल्मेट आणि प्रत्येक हत्याराला स्वतःची दोरी हवी. एकटा माणूस दोरावर कधीच नको. वर किंवा शेजारी असा एकजण हवा ज्याला लटकलेल्या सोबत्याला खाली आणता येते आणि ज्याच्याकडे त्यासाठीचा सरंजाम तयार आहे. ‘काही झालेच तर अग्निशमन दलाला बोलावू’ ही सुटकेची योजना नाही, तेवढा वेळच नसतो.

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागा. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली आयराटा ही संस्था या कामाचे तीन स्तर ठरवते. प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते आणि जागेवर देखरेखीला तिसऱ्या स्तराचा माणूस लागतो. अमेरिकेत स्प्रॅट नावाची तशीच संस्था आहे. तुमच्याकडे दुसरी पद्धत असेल, पण ‘आम्ही वर्षानुवर्षे हेच करतो’ हे प्रमाणपत्र नाही. उत्तम एसी मेकॅनिक असणे आणि दोरावर काम करता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दोन्ही एकाच माणसात असतील तर ठीक. नसतील तर दोरावरच्या माणसाला साधी सफाई, फोटो आणि मोजमाप शिकवणे सोपे. मेकॅनिकला सकाळी हार्नेस देऊन दुपारी खाली सोडणे कदापि नको.

खालची जागा विसरू नका. ४५ मीटरवरून सुटलेला पाना, हवेचा विरोध सोडला तर, तीन सेकंदांत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. म्हणून खाली दोरी लावून जागा अडवायची आणि काम संपेपर्यंत एक माणूस तिथे उभा ठेवायचा. नुसता फलक लावून भागत नाही, लोक फलक वाचत नाहीत. वाऱ्याचेही तसेच. अमेरिकेच्या नियमांत इमारतीच्या देखभालीचे यांत्रिक पाळणे ताशी २५ मैलांहून, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरहून जास्त वाऱ्यात चालवायला मनाई आहे. दोरावर मी त्याच्या बरेच आधी थांबतो. इमारतीच्या कोपऱ्याला वारा अचानक दुप्पट झाल्यासारखा येतो आणि माणसाला भिंतीपासून दूर नेऊन परत आपटतो. खाली पानही हलत नसले तरी पंधराव्या मजल्यावर काय चालले आहे ते गच्चीवर जाऊनच कळते.

माणूस बाहेर पोहोचला की तिथे काय करायचे? मी पहिला हात कॉइलला लावत नाही. आधी ब्रॅकेट पाहतो. समोरून रंग शाबूत दिसतो, पण आडवी आणि उभी पट्टी जिथे वेल्डने जोडलेली असते त्या आतल्या कोपऱ्यात पाणी साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो. एका इमारतीत नुकताच रंगवलेला ब्रॅकेट होता. त्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच दाबले तर ते आरपार गेले. रंगाच्या आत पत्रा उरलाच नव्हता, नुसते पापुद्रे होते, आणि त्यावर चालू युनिट थरथरत होते. म्हणून मी कोपरे टोकरून पाहतो, अँकर बोल्टच्या भोवती भिंतीला भेग आहे का आणि बोल्टखालून तपकिरी ओघळ आले आहेत का ते पाहतो, आणि नट पान्याने तपासतो. हे नीट नसेल तर युनिटाला हात लावायचा नाही. आधी ते वेगळ्या दोराने वर बांधून घ्यायचे. खाऱ्या हवेत नवा ब्रॅकेट बसवताना ३१६ जातीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते ३०४ पेक्षा मिठाला जास्त टिकते.

मग वीज. आत आयसोलेटर बंद, त्याला कुलूप आणि ‘माणूस बाहेर आहे’ अशी पाटी. घरातल्या कोणीतरी गरम होते म्हणून ब्रेकर वर केला, असे होऊ शकते, म्हणून कुलूप. इन्व्हर्टरच्या बोर्डावरचे कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटे ३०० व्होल्टच्या वर भार धरून असतात. कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचे आणि मीटरने मोजल्याशिवाय झाकण काढून हात घालायचा नाही. जमिनीवर जो झटका फक्त हात मागे खेचतो, तोच दोरावर फार महागात पडतो.

सफाई साध्या पाण्याने, कमी दाबाने, आतून बाहेर. हवा मागून आत येते म्हणून धूळ बाहेरच्या अंगाला चिकटते. बाहेरून जोरात मारले तर ती आणखी आत घुसते. वरचे झाकण काढून आतून पाणी सोडले की काळे पाणी बाहेर वाहते आणि फिन्समधून पलीकडचा उजेड दिसायला लागतो. तो दिसेपर्यंत थांबायचे नाही. दोरावर असताना मी रसायन जवळ येऊ देत नाही. नायलॉनचा दोर आम्लाने कमकुवत होतो, पॉलिएस्टर तीव्र अल्कलीने, आणि हे नुकसान डोळ्यांना दिसेलच असे नाही. कबुतरांची विष्ठा असेल तर कोरडी खरवडायची नाही. आधी भिजवायची, एन-९५ मास्क लावायचा, मग काढायची. तिच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिससारखे फुप्फुसाचे बुरशीजन्य आजार होतात.

त्याच फेरीत कॅपॅसिटर मोजायचा, आणि पाच-सहा वर्षांचा असेल तर चांगला निघाला तरी बदलायचा. जमिनीवर मी असे सांगणार नाही, पण इथे परत येण्याचा खर्च सुट्या भागाच्या कितीतरी पट आहे. पंख्याचे पाते हाताने फिरवून बेअरिंग पाहायचे, कंपने शोषणारी रबरे बदलायची, नळ्यांवरचे फाटलेले इन्सुलेशन गुंडाळायचे, नळ्यांच्या जोडांवरच्या फ्लेअर नटांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे. शेवटी प्रत्येक गोष्टीचे जवळून फोटो. पुढच्या वेळी उतरायचे की नाही हे ते फोटो ठरवतात.

एक धोका वेगळा सांगायला हवा, कारण तो पुष्कळ मेकॅनिकांनाही माहीत नसतो. युनिट काढण्याआधी गॅस आउटडोअरमध्ये गोळा करतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. जिथे गळती असल्याची शंका आहे तिथे हे करू नका. नळीतला दाब उतरत गेला की गळतीच्या फटीतून हवा आत ओढली जाते, ती कॉम्प्रेसरमध्ये तेलासोबत दाबली जाते आणि त्या उष्णतेने आतल्या आत पेट घेऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. अशा युनिटाचा गॅस वेगळ्या रिकव्हरी यंत्राने काढायचा. गॅस आर-३२ असेल तर तो सौम्य ज्वलनशील असतो, त्यामुळे ब्रेझिंगआधी, म्हणजे नळ्या ज्योतीने तापवून सांधण्याआधी, नळ्या रिकाम्या करून नायट्रोजन सोडायचा.

आता खडखडाट. यात थांबू नका. पंख्याच्या वेगाशी जुळणारा, सतत येणारा आवाज असेल तर सैल जाळी, फांदी किंवा पाते असू शकते. पण युनिट सुरू होताना आणि बंद होताना एक-दोन ठोके येत असतील आणि ते भिंतीतून घरात जाणवत असतील, तर पाय किंवा ब्रॅकेट सैल असण्याची शक्यता मोठी. तो एसी आजपासून बंद ठेवा, इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा आणि त्या रेषेखालची जागा अडवायला सांगा. शेजारच्या खिडकीतून किंवा समोरच्या इमारतीतून झूम करून फोटो घेता आला तर घ्या, पण फोन लांब काठीला लावून बाहेर काढणार असाल तर तो दोरीने मनगटाला बांधा. ड्रोन असेल तर त्याहून चांगले, परवानगी घेऊन.

खिडकीतून प्रेशर गन? नको. तुम्हाला युनिटाचा वरचा पत्रा आणि एखादी बाजू दिसते, कॉइल बहुतेक भिंतीकडच्या अंगाला असते. जोराच्या पाण्याने फिन्स आडव्या होतात आणि एकदा आडव्या झाल्या की हवा कायमची अडते. पाणी बोर्डात शिरते. आणि लांबवर वाकण्याचा मोह होतो. खिडकीखालची दोन युनिटे आत उभे राहून, दोन्ही पाय जमिनीवर आणि कठडा कमरेच्या वर असताना हाताला येत असतील, तर बागेच्या नळीने हलके पाणी सोडून वरची धूळ काढा, वीज बंद करून. त्यापलीकडे काही नाही.

युनिट हलवण्याबद्दल. एसी बदलायची वेळ आली की तीच संधी. सज्जा, सर्व्हिस लेज (दुरुस्तीसाठी ठेवलेला बाहेरचा कट्टा) किंवा गच्ची, जिथे माणूस उभा राहू शकतो अशी जागा शोधा. नळीची लांबी लहान स्प्लिटला मॉडेलप्रमाणे साधारण १५ ते ३० मीटरपर्यंत चालते आणि उंचीच्या फरकालाही मर्यादा असते. ती कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. ठरलेल्या लांबीपुढे प्रत्येक मीटरला गॅस वजन करून वाढवावा लागतो, अंदाजाने नाही. जोडणीनंतर नळ्यांतली हवा पंपाने काढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (हे उरलेल्या दाबाचे माप) न्यायला सांगा आणि फ्लेअर नट टॉर्क पान्याने कसायला सांगा. पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. नवीन जागेत गरम हवेला बाहेर जायला वाट आहे का तेही पाहा. एसीची क्षमता साधारण ३५ अंशांच्या बाहेरच्या हवेवर मोजलेली असते. एकावर एक युनिटे कोंबलेल्या अरुंद डक्टमध्ये वरची युनिटे खालच्यांची गरम हवा पितात, तिथे चांगले यंत्रही हरते. खिडकीजवळच्या दोन युनिटांसाठी आत ओढून घेता येणारे सरकते ब्रॅकेटही मिळतात, पण त्यांच्यासाठी नळ्यांना पुरेसे वेटोळे ठेवावे लागते आणि सरकणारा भाग गंजू द्यायचा नसतो. ते बसवले तरी तपासणी चुकत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. दोर लावणे, जागा अडवणे, वरचा माणूस, खालचा माणूस, हे एका युनिटालाही लागते आणि वीस युनिटांनाही तेवढेच लागते. तुमच्या रेषेत वर-खाली कोणाकोणाची युनिटे आहेत ते पाहा आणि उन्हाळ्याच्या आधी सगळ्यांनी मिळून एकच फेरी ठरवा. त्यासाठी गच्चीवर तपासलेले अँकर बसवून घ्या आणि त्यांची तपासणी दरवर्षी व्हावी, हे इमारतीच्या नोंदवहीत येऊ द्या. दुसऱ्या मेकॅनिकला फोन कराल तेव्हा त्याला विचारा: दोन दोर, वेगळे अँकर, सुटकेची तयारी, खालची अडवलेली जागा, यांतले काय काय त्याच्या दरात धरलेले आहे, आणि कोणाच्या नावाचे प्रमाणपत्र तो दाखवू शकतो. त्याने हे न अडखळता सांगितले तर काम त्यालाच द्या, आणि खडखडणारे युनिट पहिले घ्यायला सांगा.